पुड्याची मागची बाजू



वसंतातल्या व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, संतवाङ्मय असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला बिस्किटाचा पुडा आणून बसवणे कित्येकांना विनोदी वाटेल. पण हे दिवस वाळवणाचे आहेत, हे विसरून चालणार नाही. सध्या जामनेरच्या कोणत्याही गल्लीतून दुपारी जावे, तर अंगणात, गच्चीवर, खाटेवर जुनी लुगडी अंथरून त्यांवर कुरडया, बिबड्या, उडदाचे पापड पसरलेले दिसतात. आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात पाच-पाच रुपयांच्या रंगीत पुड्यांच्या माळा वाऱ्यावर हलत असतात. अन्न टिकवण्याच्या दोन कला अशा एका गल्लीत शेजारी शेजारी नांदत आहेत. एक आजीची आणि दुसरी कारखान्याची. पहिलीचा आपणांस अभिमान आहे आणि दुसरीची भीती. अभिमान असावा आणि भीतीही असावी. मात्र ती भीती योग्य जागी आहे काय, एवढेच आज आपण मिळून पाहणार आहोत.

प्रथम अंगणातला कारखाना पाहू. अन्न नासते म्हणजे काय होते? आपल्याआधी दुसरे कोणीतरी ते खाऊ लागते. बुरशी, जंतू आणि किण्व हे ते खाणारे. त्यांना जगण्यास पाणी लागते, बेताची ऊब लागते आणि फार आंबट, फार खारट किंवा फार गोड जागा त्यांना मानवत नाही. अन्न टिकवण्याच्या जगातल्या साऱ्या युक्त्या एवढ्या तीन-चार गोष्टींवर उभ्या आहेत. आपल्या बिबड्यांचेच पाहा. ज्वारीचा कोंडा काढून ती भरडायची, दोन-तीन दिवस आंबवायची, तीळ, लसूण, मिरची, मीठ घालून शिजवायची आणि कापडावर थापून कडकडीत वाळवायची. आंबवण्याने आंबटपणा आला, मिठाने खारटपणा आला, उन्हाने पाणी गेले. जंतूच्या वाटेवर तीन कुलपे पडली. खानदेशचे चैत्र-वैशाखाचे ऊन आपण शिव्या देत सोसतो. पण हे ऊन नसते तर ही कला इथे एवढी फळली नसती.

कुरडईची गोष्ट आणखी विचार करण्याजोगी आहे. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा आणि चोथा बाजूला टाकायचा. चीक म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. गव्हातले प्रथिन बरेचसे गेले, कोंडा गेला, पांढरे स्वच्छ पिष्ट राहिले. कारखान्यातल्या 'परिष्कृत' पदार्थाची जी व्याख्या आहे तीत आपली कुरडई अगदी चपखल बसते! म्हणून काही कुरडई वाईट ठरत नाही. सणावाराला चार कुरडया तळल्या तर त्याने कोणाचे काही बिघडलेले नाही. सांगायचे एवढेच की 'प्रक्रिया' हा शब्द ऐकल्याबरोबर दचकण्याचे कारण नाही. प्रक्रिया आपल्या घरात पूर्वापार आहे.

आणि 'रसायन'ही आहे. उडदाच्या पापडात आपण पापडखार घालतो. तो मुख्यतः सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचा असतो. हाच पदार्थ कारखान्याने वापरला की पुड्यावर '५००' असा आकडा छापला जातो. आजीने डब्यातून चिमूटभर काढला तर तो खार, आणि कारखान्याने पोत्यातून काढला तर ते केमिकल! पदार्थ तोच. फरक मापाचा आहे, हेतूचा आहे, आणि आपण तो रोज किती खातो याचा आहे. या तीन गोष्टी पुढे पुन्हा येणार आहेत.

आता पुड्याच्या पाठीवरील आकड्यांकडे वळू. अन्नात चव, रंग, टिकाऊपणा, मऊपणा यांसाठी जी द्रव्ये मुद्दाम घातली जातात त्यांना सोयीसाठी आपण 'जोडद्रव्ये' म्हणू. संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी, म्हणजे अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी, १९६३ साली 'कोडेक्स' नावाचे एक अन्न-मंडळ स्थापले. या मंडळाने १९८९ साली जोडद्रव्यांना आंतरराष्ट्रीय क्रमांक दिले. जपानी माणसाने केलेला पदार्थ जामनेरच्या माणसाला समजावा यासाठी ही सोय. शंभराच्या घरात रंग, दोनशेच्या घरात टिकवणारी द्रव्ये, तीनशेच्या घरात खवटपणा रोखणारी व आंबटपणा राखणारी, चारशेच्या घरात दाटपणा आणणारी, पाचशेच्या घरात खार व तत्सम, सहाशेच्या घरात चव खुलवणारी. अगदी काटेकोर नाही, पण एवढे लक्षात ठेवले तरी पुडा बोलू लागतो.

या यादीत आपल्याच स्वयंपाकघरातली मंडळी किती आहेत ते पाहून आम्हांस मोठी मौज वाटते. हळदीतला पिवळा रंग क्रमांक १००. दह्यातले आम्ल २७०. व्हिनेगरचे आम्ल २६०. लिंबातले ३३०, चिंचेतले ३३४. आवळ्यात भरपूर असलेले 'क' जीवनसत्त्व ३००. फालुद्यातला चायना ग्रास ४०६. आणि आपल्या शेताच्या बांधावरची गवार! तिच्या बियांचे पीठ आइस्क्रीमला दाटपणा आणते, तिचा क्रमांक ४१२. तेव्हा आकडा म्हणजे विष, हे समीकरण मनातून काढून टाकावे. आकडा म्हणजे केवळ नाव.

उलट बाजूचे समीकरणही तितकेच खोटे आहे. ज्याला क्रमांक मिळाला ते निर्धोक, असे नव्हे. पावाच्या पिठाला जोर यावा म्हणून घालण्यात येणारे पोटॅशियम ब्रोमेट, क्रमांक ९२४, आपल्या देशात वर्षानुवर्षे कायदेशीर होते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ साली ते संशयितांच्या यादीत घातले. अनेक देशांनी ते बंद केले. दिल्लीच्या एका संस्थेने २०१६ च्या मे महिन्यात पावांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि जून महिन्यात आपल्याकडे ते परवानगीच्या यादीतून निघाले. म्हणजे काल चालत होते ते आज चालत नाही. यात शास्त्राची लाज नाही. शास्त्र आपला हिशेब पुनःपुन्हा तपासते म्हणूनच ते शास्त्र. पण आमच्यासारख्या खाणाऱ्याने यावरून एवढे समजावे की 'परवानगी आहे' याचा अर्थ 'आजवरच्या माहितीप्रमाणे, ठरलेल्या मापात चालेल' इतकाच असतो.

भीती चुकीच्या जागी बसली म्हणजे काय होते याची एक फ्रान्समधली गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७६ च्या सुमारास तिकडे एक टंकलिखित पत्रक घरोघर फिरू लागले. कर्करोग करणाऱ्या जोडद्रव्यांची यादी म्हणून ते फिरत होते आणि त्याच्यावर व्हिल्झुईफ गावच्या नामांकित कर्करोग-रुग्णालयाचे नाव होते. रुग्णालयाने वारंवार कळवले की हे पत्रक आमचे नव्हे. पण लोक हाताने नकला करीत राहिले. शाळांतून, दवाखान्यांतून ते वाटले गेले. त्यात सर्वांत भयंकर म्हणून कोणते द्रव्य दिले होते? क्रमांक ३३०. म्हणजे लिंबाचे आम्ल! हा घोटाळा कसा झाला असावा याची एक उपपत्ती मोठी गमतीची आहे. शरीरातल्या पेशी अन्नापासून शक्ती काढतात त्या क्रियेत हे आम्ल येते, आणि त्या क्रियेला शोधकाच्या नावावरून 'क्रेब्ज चक्र' म्हणतात. जर्मन भाषेत 'क्रेब्ज' म्हणजे कर्करोग. कोणीतरी शोधकाचे आडनाव रोग समजून वाचले असावे! तेव्हा टंकलेखन यंत्र होते, आता खिशात दूरध्वनी आहे. याद्या अद्याप फिरतच आहेत आणि त्यांत ३३० अद्याप सापडतो. गंमत अशी की ती यादी पुढे पाठवणारा गृहस्थ त्याच दुपारी लिंबाचे सरबत पिऊन उकाडा शमवतो.

मग भीती कोणाची धरावी? आपल्या कायद्यात एक मार्मिक तरतूद आहे. टिकवणाऱ्या द्रव्यांचे त्यात दोन वर्ग केले आहेत. दुसऱ्या वर्गात बेन्झोइक आम्ल, गंधकाची संयुगे, सॉर्बिक आम्ल वगैरे येतात. ती कोणत्या पदार्थात किती घालावी यावर बंधन आहे. पहिल्या वर्गात काय आहे? मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, मध आणि खाद्यतेल. या वर्गावर तसे बंधन घातलेले नाही. कैरीच्या लोणच्याची ही सारी सामग्री! आपण 'घरच्या लोणच्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असे म्हणतो ते अक्षरशः खरे नाही. त्यात प्रथम वर्गाचे द्रव्य खच्चून भरलेले असते. आणि जरा थांबून विचार करावा: दुसऱ्या वर्गाच्या चिमूटभर बेन्झोएटची आपल्याला धास्ती वाटते, पण आजमितीस आपल्या घराघरांत रक्तदाब आणि मधुमेह वाढत आहेत, ते बेन्झोएटने की प्रथम वर्गाच्या मिठाने व साखरेने? ज्याला कायद्याने मोकळे सोडले त्याच्यावरच आपण नजर ठेवली पाहिजे, असा हा प्रकार आहे.

या मुद्द्याला बळकटी देणारी गोष्ट आपल्या जिल्ह्यातच घडून गेली आहे. ती जरा विस्ताराने सांगतो.

अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी नोंदली गेली. तिचे संस्थापक महंमद हुसेन हाशम प्रेमजी. हीच कंपनी पुढे 'विप्रो' या नावाने जगभर गेली आणि संगणकाचा व्यवसाय करू लागली. पण तिचा जन्म खानदेशच्या भुईमुगाच्या पट्ट्यात वनस्पती तूप करण्यासाठी झाला, हे आजच्या तरुणांना सांगितल्यास त्यांचा विश्वास बसत नाही. 'सनफ्लॉवर' छापाचे वनस्पती तूप आणि '७८७' हा कपडे धुण्याचा साबण ही तिची त्या वेळची दौलत. त्याच्याही आधी, १९३७ साली, मुंबईत 'डालडा' निघाला होता आणि त्याचे नाव इतके रुळले की कोणत्याही कंपनीचे वनस्पती तूप असो, लोक त्याला डालडाच म्हणू लागले. लग्नाच्या पंगतीला डालडा वापरला की साजूक तुपाचा, याची चर्चा मुलाच्या शिक्षणाच्या चर्चेपेक्षा अधिक रंगत असे.

हे तूप करतात कसे? तेल पातळ असते, कारण त्याच्या रेणूच्या साखळीत काही ठिकाणी दुहेरी सांधे असतात आणि तिथे ती साखळी वाकते. वाकड्या काटक्यांची मोळी जशी सैल राहते, तसे हे रेणू एकमेकांना घट्ट चिकटून बसत नाहीत. तेल तापवून, त्यात निकेल या धातूची बारीक भुकटी घालून, हायड्रोजन वायू सोडला की ते सांधे भरून निघतात, काटक्या सरळ होतात, मोळी घट्ट बांधली जाते आणि तेलाचे थिजलेले, रवाळ, तुपासारखे द्रव्य बनते. ते खवट होत नाही, स्वस्त पडते, तळण खुसखुशीत होते. टंचाईच्या काळात या गुणांची किंमत होती; ती आजच्या भरल्या पोटाने नाकारणे बरे नव्हे.

पण साजूक तुपात हे मिसळून विकता येऊ लागले आणि देशात रान उठले. गांधीजींपासून अनेकांनी वनस्पतीवर टीका केली. वनस्पतीला एखादा रंग द्यावा म्हणजे भेसळ ओळखू येईल, ही मागणी वर्षानुवर्षे झाली; पण टिकाऊ, निरुपद्रवी आणि सहज काढून न टाकता येणारा रंग काही हाती लागला नाही. त्याऐवजी एक सुरेख युक्ती मात्र अमलात आली. प्रत्येक वनस्पती तुपात शेकडा ५ या प्रमाणात तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा नियम झाला. खाणाऱ्याला ते कळत नाही. पण संशयित तूप पातळ करून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल घालून हलवले की तिळाच्या तेलामुळे गुलाबी रंग चढतो आणि चोर सापडतो. या परीक्षेला बॉदुइँ परीक्षा म्हणतात. जोडद्रव्य हे दर वेळी फसवणुकीसाठीच असते असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. येथे ते फसवणूक पकडण्यासाठी होते.

कायद्याने आणखीही पहारे बसवले. निकेल दहा लाख भागांत दीड भागाहून अधिक राहू नये. तूप अमुक उष्णतेला वितळले पाहिजे. 'अ' जीवनसत्त्व घातले पाहिजे. असा चोख बंदोबस्त झाला. आणि चोर मात्र तिसऱ्याच दाराने आत आला होता. हायड्रोजन सोडण्याच्या त्या क्रियेत सगळे सांधे भरत नाहीत. काही नुसतेच पीळ खाऊन उलट्या अंगाने सरळ होतात. या रेणूंना 'ट्रान्स' मेदाम्ले म्हणतात. निसर्गात ती दुधातुपात थोडी असतात. वनस्पतीत मात्र ती मोठ्या प्रमाणात असत. १९९० साली हॉलंडमधल्या संशोधकांनी माणसांवर प्रयोग करून दाखवले की ही मेदाम्ले रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी हृदयाला इजा करतात. डेन्मार्कने २००३ साली त्यांवर कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ जानेवारी २०२२ पासून एकूण मेदाच्या शेकडा २ वर आली.

१९३७ ते २०२२. पंच्याऐंशी वर्षे. या ट्रान्स मेदाम्लांना कोणताही आकडा नव्हता. ती कोणी मुद्दाम घातली नव्हती. ती यादीत कुठेच छापली जात नव्हती, कारण ती द्रव्य नव्हतीच; ती प्रक्रियेची सावली होती. वनस्पतीवर शंका घेणारे लोक बरोबर होते, पण त्यांनी बोट ठेवले ते भेसळीवर, रंगावर, निकेलवर. आमच्या मते आजच्या पुड्यांबाबतही आपण तेच करीत आहोत. आकडे मोजत बसतो आणि प्रक्रियेने अन्नाचे काय झाले हे विचारीत नाही.

तेच विचारण्याचा एक मोठा प्रयत्न ब्राझीलमध्ये झाला. साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोन्तेइरो यांनी २००९ साली सुचवले की अन्नाची विभागणी नुसती प्रथिने-मेद अशी न करता, त्यावर किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली यावरून करावी. धान्य दळणे, दूध तापवणे, लोणचे घालणे या प्रक्रिया निराळ्या. आणि धान्याचे पिष्ट, प्रथिन, तेल असे तुकडे करून, ते पुन्हा सांधून, त्यांना मूळ अन्नाचा रंग-वास-चव बाहेरून देऊन, एक नवीनच वस्तू उभी करणे ही निराळी. या शेवटच्या प्रकाराला अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणतात. विभागणीच्या सीमारेषांबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेत आणि ते आम्हांसही रास्त वाटतात. पण २०१९ साली अमेरिकेत केविन हॉल यांनी एक प्रयोग केला तो डोळे उघडणारा आहे. वीस माणसांना एका इमारतीत ठेवून दोन आठवडे एका प्रकारचे आणि दोन आठवडे दुसऱ्या प्रकारचे जेवण दिले. ताटात वाढलेली साखर, मेद, मीठ, तंतू यांचे माप दोन्हीकडे सारखे. हवे तेवढे खा, अशी मुभा. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खाऊन गेली. आपल्या हिशेबात सांगायचे तर मोठ्या दीड भाकरीइतके अधिक. आणि भूक लागली म्हणून नव्हे. दोन आठवड्यांत वजन सरासरी ९०० ग्रॅम वाढले. हे अन्न मऊ असते, भरभर गिळले जाते, पोट भरल्याची वर्दी पोहोचायच्या आत पुडा संपतो. कळण्याची भाकरी चावताना जबड्याला जो व्यायाम घडतो त्याचे मोल आजवर आपण केले नव्हते.

येथे आपल्या जिल्ह्यातल्या उद्योगांबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर आम्ही कारखान्यांचे वैरी ठरू. आपल्याच तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९७८ साली जळगावला केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. कच्च्या पपईला चरे पाडून जो पांढरा चीक गोळा करतात, त्यातले हे पाचक द्रव्य. मांस मऊ करण्यास, बिअर निवळ ठेवण्यास परदेशात त्याला मागणी. पुढे तिथेच कांदा वाळवण्याचा आणि फळांच्या गराचा उद्योग उभा राहिला. वाळवलेला कांदा म्हणजे कांदा वजा पाणी. यंत्राने वाळवला म्हणून तो काही कृत्रिम होत नाही. पण तोच कांदा चिमूटभर मैद्याच्या पुड्यात मीठ-साखरेबरोबर पडतो आणि पुड्यावर रसरशीत कांद्याचे चित्र येते, तेव्हा प्रश्न कांद्याचा राहत नाही, चित्राचा होतो.

म्हणून पुडा हातात आला की तो उलटा करावा. पुढची बाजू चित्रकाराची, मागची बाजू कायद्याची. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिले तीन शब्द वाचले की निम्मे काम झाले. 'पौष्टिक धान्य' असे पुढे आणि मागे पहिला शब्द मैदा, दुसरा साखर, तिसरा पाम तेल, तर निकाल लागला. त्यानंतर १०० ग्रॅमचे कोष्टक पाहावे. कित्येकदा 'एका वेळच्या वाट्या'चे आकडे मोठ्या अक्षरांत देतात. आणि हा वाटा दोन बिस्किटांचा असतो! दोन बिस्किटांवर थांबणारे मूल आमच्या पाहण्यात नाही. मिठाचे तर आणखी एक गुपित आहे. कोष्टकात मीठ नसते, सोडियम असते आणि तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणावे म्हणजे मीठ निघते. समजा शेवेच्या पुड्यावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभराचे माप ५ ग्रॅमच्या आत सांगितले आहे. आपले जेवण, लोणचे, पापड अजून व्हायचे आहे. पापडालाही हा हिशेब लागू आहे, हे पापड लाटणाऱ्या भगिनींनी रागावू नये.

नुसत्या शब्दांच्या कसरतीपासूनही सावध राहावे. २०१५ साली झटपट शेवयांचा जो प्रसिद्ध खटला झाला, त्यात शिशाबरोबर वादाचा एक मुद्दा पुड्यावरील 'अजिनोमोटो घातलेले नाही' या अर्थाच्या शब्दांचा होता. हे द्रव्य, क्रमांक ६२१, जपानच्या इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या कढणातून शोधले. टोमॅटोत, जुन्या चीजमध्ये ते आपोआप असते. तेव्हा 'घातलेले नाही' आणि 'असतच नाही' ही दोन निराळी वाक्ये आहेत. जूनमध्ये शेवया बाजारातून काढल्या गेल्या, १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द करून नव्याने तपासणी सांगितली आणि नोव्हेंबरात त्या परत आल्या. त्या पाच महिन्यांत लोकांनी शिशाची चर्चा पुष्कळ केली. त्या शेवयांत मैदा किती आणि मीठ किती, याची फारशी कोणी केली नाही.

आता ज्याला पुडाच नाही अशा अन्नाकडे पाहा. पुड्यावर आकडे दिसतात म्हणून आपण भितो. आणि जिलबी, बुंदी, पिवळीजर्द शेव यांवर काहीच छापलेले नसते म्हणून निर्धास्त असतो. हा न्याय उलटा आहे. आपल्या देशात अन्नासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि तीही मोजक्या पदार्थांत, सामान्यतः दहा लाखांत १०० भागांपर्यंत. मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग त्यांत नाही. पण डाळीत, हळदीत, मिठाईत तो वारंवार सापडत आलेला आहे. प्रयोगशाळेत आम्लाचे थेंब टाकताच तो जांभळट गुलाबी होतो. ताटात तसा काही इशारा देत नाही. केळीचेही तेच. आपला जिल्हा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तीच केळी कार्बाइडच्या पुडीने पिकवणे कायद्याने बंद आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायूने, म्हणजे फळ स्वतःच जो वायू सोडते त्याने, खोलीत पिकवणे चालते. दोन्ही केळी पिवळीच दिसतात. बाहेरून ओळख पटत नाही, विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि विचारणारे गिऱ्हाईक दुकानदाराला आवडत नसले तरी ते त्याच्या लक्षात राहते.

एक अडचण मात्र मोठी आहे आणि तिचे उत्तर आमच्यापाशी नाही, सरकारपाशी आहे. पुड्यावरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा, असा नियम आहे. मराठी ही मर्जीची गोष्ट. नेरी-पहूरच्या एखाद्या आजीने नातवासाठी पुडा घेतला तर तिने तो वाचायचा कसा? अक्षर मोहरीहून बारीक, भाषा परकी, कागद चकाकणारा. ज्या कायद्याने मागची बाजू खाणाऱ्यासाठी राखून ठेवली, त्याच कायद्याने ती तिच्या भाषेत असावी असा आग्रह धरला नाही. शेंदुर्णीच्या बचतगटाने पापडाच्या पुडीवर 'उडीद, मीठ, मिरे, हिंग, पापडखार, तेल' एवढे मराठीत ठळक छापले, तर मोठ्या कंपनीपेक्षा ते अधिक प्रामाणिक लेबल होईल, आणि त्याला खर्चही फारसा येणार नाही.

सभामंडपाच्या उजव्या हाताला, पाण्याच्या माठांशेजारी, एका टेबलावर दहा-बारा रिकामे पुडे आणि दोन भिंगे ठेवली आहेत. बिस्किटे आहेत, शेव आहे, फळांचे सरबत आहे, एक लहान मुलांच्या पेयाचा डबा आहे. सरबताच्या बाटलीवर फळाचा रस शेकडा किती लिहिला आहे ते आधी शोधा. तो आकडा सर्वांत बारीक अक्षरांत आहे. शाळेतल्या दोन मुलांना टेबलापाशी बसवले आहे. इंग्रजी अडले तर ती वाचून दाखवतील.